हिरव्या दिव्याची दोन मिनिटं

"पानापानावर तारीख घाल, खाली माझी सही घे, आणि वही हातची सोडू नकोस," प्रयोगशाळा सांभाळणारे काका तिला म्हणाले होते. तिने ते हसण्यावारी नेलं. "काका, पार्टनर आहे ती माझी, चोर नव्हे."

कॉलेजात तिने इलेक्ट्रिकल आणि बायोमेडिकल दोन्ही एकत्र घेतलं होतं. त्यामुळे इलेक्ट्रिकलवाले तिला डॉक्टरीणबाई म्हणत आणि बायोमेडिकलवाले वायरमन. पार्टनरही तसलीच, धड इकडची ना तिकडची. दोघी एका डब्यात जेवायच्या, एका टेबलावर सोल्डरिंग करायच्या. शेवटच्या वर्षी दोघींनी, म्हणजे बरंचसं तिनेच, तान्ह्या बाळाच्या पोटाला बांधायचा पट्टा केला. श्वास चालू असेल तर हिरवा दिवा, थांबला तर तांबडा आणि भोंगा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पट्टा जरा सरकला की दिवा लुकलुकायचा. तिच्यातल्या वायरमनने शक्कल लढवली: श्वासाची खूण मिळेनाशी झाली तरी दोन मिनिटं हिरवाच धरून ठेवायचा. वहीच्या समासात लिहिलं, 'फक्त परीक्षेपुरतं. नंतर काढून टाकणे.' परीक्षक खूश झाले. मग पार्टनरने 'दोन दिवसांसाठी' वही नेली, ती गेलीच.

आता तिचं बाळ तीन महिन्यांचं आहे. वहिनीने भेट म्हणून पट्टा आणला. खोक्यावर पार्टनरचा हसरा फोटो, खाली 'माझ्या एकटीच्या संशोधनातून'.

"अगं, मिरव की," नवरा म्हणाला. "मैत्रीण ना तुझी?"

"मिरवते," ती म्हणाली, आणि चहा बशीतच सांडला.

तरी पट्टा बांधला. आईचा जीव, दुसरं काय. पूर्वी झोपलेल्या बाळाच्या नाकापाशी दहादा बोट धरणारी ती, आठ दिवस दिव्याच्या भरवशावर निवांत आंघोळ करत होती.

नवव्या दिवशी दुपारी लंगोट बदलताना तिने पट्टा सोडून उशीवर ठेवला. दिवा हिरवाच. उशीचा श्वास अगदी व्यवस्थित चालला होता. तिने घड्याळाकडे पाहिलं. बरोबर दोन मिनिटांनी भोंगा वाजला.

बाळाला खांद्यावर घेऊनच तिने फोन लावला.

"अय्या, वायरमन! बाळ कसं आहे?"

"ती दोन मिनिटं तू काढली नाहीस."

"लुकलुकलं की लोक घाबरतात गं. पट्टे परत येतात."

"समासात लिहिलं होतं मी."

"तुझ्या वहीत? त्यावर तारीख आहे? कुणाची सही?" आवाज अजून तसाच लाडिक होता. "आणि ती शक्कल तुझीच ना? माझी नव्हे."

हे मात्र खरं होतं. तिला तेच जास्त लागलं. संध्याकाळपर्यंत तिने तक्रार लिहून पाठवली, स्वतःची चूक पहिल्याच ओळीत घालून. पण तक्रारीचं उत्तर येईल तेव्हा येईल. घराघरांतल्या पाळण्यांत तो दिवा आत्ता जळतो आहे.

म्हणून तिचं तुमच्यापाशी एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, शेजारी, बहिणीकडे असा पट्टा बांधलेलं तान्हं असेल, तर हे वाचणं इथेच सोडा. दिव्याकडे बघू नका. आत जा आणि त्याच्या पोटावर हात ठेवून बघा.