अबोलीच्या लग्नाचं धोतर

खटाक-खट, खटाक-खट. जन्मताना ऐकलेला मागाचा तो आवाज अजून माझ्या सुतात आहे. मी धोतर बोलतोय. पांढरं, लाल काठाचं, आणि आजवर एकदाही कुणी न नेसलेलं.

बारामतीच्या दुकानात कोऱ्हाळ्याच्या कुंडलिक आबांनी मला गालाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "हेच द्या. नातीच्या लग्नात नेसायचं हाय."

नात म्हणजे अबोली. ती शिकायला इटलीला गेली होती. तिथल्याच एका मुलाशी लग्न करते म्हणाली, तेव्हा तिचे वडील रघुनाथ म्हणाले, "मग आम्हाला विचारू नको." ती रडली. तिने दोनदा तारीख पुढे ढकलली. शेवटी लग्न तिकडेच झालं आणि इथून कुणी गेलं नाही. त्या दिवशी आबांनी मला पेटीतून काढलं, हात फिरवला आणि परत ठेवलं. दर रविवारी तिचा फोन येतो. फोन वाजला की रघुनाथ उठून मळ्यात जातो.

एकदा आबा सुनेला, म्हणजे अबोलीच्या आईला म्हणाले, "श्यामला, ती माणसं कशी हायती, मला बघायचंय."

श्यामला शाळेत शिकवते. तिकडचे सिनेमे दाखवायला तिने आपला छोटा प्रोजेक्टर आणला. टोमॅटोचे क्रेट ठेवायच्या खोलीला खिडकी नाही; दार लोटलं की भर दुपारीही अंधार. पडदा मात्र नव्हता. आबांनी मलाच काढून दिलं. "पेटीत पडून काय करतंय?"

अशी इटली माझ्या अंगावर चालत आली. अरुंद गल्ल्या, दोरीवर वाळणारे कपडे, सगळी एकाच वेळी बोलणारी माणसं. श्यामला खालची इंग्रजी अक्षरं वाचून मराठीत सांगायची. एका सिनेमात बायका अंगणात पातेलंभर टोमॅटो शिजवू लागल्या, तर आबा म्हणाले, "अगं, आपल्यावानीच हाय की समदं!" एक जाडा गायक पुच्चिनी नावाच्या संगीतकाराची चाल गात होता. "शब्द कळंना, पन पोटातनं गातोय," म्हणत आबांनी डोळे पुसले. लग्न आलं की ते पुढे सरकून बसत. तिकडे बाप लेकीला हाताला धरून चर्चमध्ये नेतो, हे त्यांना फार आवडलं.

मग जेवताना ते मुलाला सांगत, "रघू, गॅलिलिओ केवढा मोठा शास्त्रज्ञ! म्हातारपणी त्येला घरात कोंडून घातलं. लेक मठातनं पत्रं लिहायची. त्यानं जपून ठेवली."

"आबा, भाकरी गार होतीय."

"आन तू साधा फोन घेत न्हाईस."

रघुनाथ ताटावरून उठायचा.

परवा अबोलीने लग्नाचा व्हिडिओ पाठवला. आबांनी रघुनाथला हाक मारली, "जरा क्रेट हलवायचे हायत." तो आत आला आणि श्यामलाने दार लोटलं.

दोन्हीकडे बाकं, मधून लांब वाट. आईचा शालू नेसून अबोली येत होती. एकटीच. एक हात मात्र कोपरात वाकवलेला, कुणाचा तरी दंड धरावा तसा.

रघुनाथ क्रेटवर बसून बघत राहिला.

"रघू," आबा हळू म्हणाले, "ती जागा तुजी हाय. तिनं दुसऱ्या कुनाला दिली न्हाय. नुसता फोन घे तिचा."

रघुनाथ उठला. दाराकडे निघाला तसा तो उजेडाच्या आड आला, आणि त्याची सावली माझ्यावर पडली, नेमकी अबोलीच्या शेजारी. दोन पावलं ती दोघं बरोबर चालली. त्यालाही ते दिसलं. तो थांबला.

मला तोंड असतं तर म्हणालो असतो, रघुनाथ, असाच उभा राहा. तिला घरी येऊ दे. आबा थकलेत रे, मला एकदा तरी त्यांच्या अंगाला लागू दे.

त्याला थांबवायला आबांनी हात पुढे केला होता.

रघुनाथने दार उघडलं. ऊन आत आलं आणि माझ्यावरची अबोली पुसून गेली. तो मळ्याकडे चालत गेला.