खुनी मुनीम की कंपाउंडर

"रहस्यकथेचा खरा वाचक म्हंजे दुसरा गुप्तहेरच. त्याच्यापासून खुनी लपवनं ब्रह्मदेवालेही जमनार नाही." वाशीमच्या टॉकीजबाहेर चार माणसांत असं जाहीर करून जगदेव ताठ मानेने तिकिटाच्या रांगेत शिरला. रांग शेजारच्या रसवंतीची होती.

तुळसाबाईने नवऱ्याला सदऱ्याला धरून बाहेर काढलं. शिरपूरहून सोबत आलेला मारोतराव म्हणाला, "गुप्तहेर, तिकीट इकडं भेटते."

जगदेव हसला, पण आतून चरकला. हल्ली त्याचं विसरणं वाढलं होतं. परवा बाजारात वांगी विकता विकता स्वतःच्या सुनेचं नाव आठवेना. थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं, आता तो पोटच्या पोराला विचारतो, "तुमी कोन्या गावचे?" तरुणपणी पाठ झालेल्या रहस्यकथेवर नवा सिनेमा आला, तेव्हा जगदेवने मनाशी ठरवलं, हीच आपली परीक्षा. खुनी बरोबर सांगितला, की डोकं शाबूत.

सुरुवात झकास झाली. सिनेमावाल्यांनी जुन्या वाचकांसाठी जागोजागी खाऊ पेरला होता. दवाखान्याच्या खिडकीत लंगडं मांजर दिसलं. कथेत ते एका ओळीपुरतंच होतं. सबंध टॉकीजात एकट्या जगदेवने टाळी वाजवली आणि मारोतरावाला कोपर मारलं. "पुस्तकातलं हाय."

"मंग मले काहून मारून राह्यला?"

इंटरवलला जगदेवने निकाल दिला. "खुनी मुनीम."

खुनी कंपाउंडर निघाला.

सिनेमावाल्यांनी बदलला, की आपल्या डोक्याने? मारोतराव म्हणाला, "आजकाल बदलतेत बाप्पा. तुह्यासारख्यायले चकवाले." दिलासा बरा होता, पण पटेना. पुस्तक केव्हाच वाळवीने खाल्लेलं. साक्षीदार एकच उरली होती, तुळसाबाई. त्या काळी संध्याकाळी ती मेथीच्या जुड्या बांधायची आणि जगदेव तिला कथा वाचून दाखवायचा. टॉकीजबाहेर तिला विचारायला त्याची जीभ रेटेना. एसटीत बसल्यावर त्याने विचारलं.

"पुस्तकातबी कंपाउंडरच होता," ती म्हणाली.

जगदेवने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"तुमीच बदलला ना. कंपाउंडर इंझोरीचा होता. माह्या माहेरचा मानूस फासावर जाते म्हून मी रुसली, जुड्या बांधनं बंद केलं. मंग तुमी मुनीमाले फासावर देल्लं. तवापासून दर खेपेले मुनीमच."

जगदेवने श्वास सोडला. म्हणजे चूक सासुरवाडीची, डोक्याची नव्हे. मग त्याच्या ध्यानात आलं. एका माणसाला सोडवून दुसऱ्याला फाशी दिली, आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही?

"मले हे कसं नाही आठवत वं?"

तुळसाबाई हसत होती, ती थांबली.

"उद्या दवाखान्यात जाऊ," ती हळूच म्हणाली. त्याने मान हलवली. "पन आता तिकडं सरका जराशे. मले खिडकीपाशी बसू द्या, एसटी लागून राह्यली."