सुभेदाराचा पाचवा पाय

कृष्णात सैन्यात सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आला, तेव्हा मलकापुरात त्याच्यापुढं दोनच वाटा होत्या. एक म्हणजे सांगलीला विश्रामबागेत एका बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभं राहायचं. ही वाट त्याच्या मेव्हण्यानं आधीच झाडूनपुसून ठेवली होती. दुसरी म्हणजे घरात बसून एआयच्या मदतीनं लोकांचे व्हिडिओ कापायचे, जोडायचे आणि पैसे मिळवायचे. ही वाट त्याला मोबाईलमधल्या एका गुळगुळीत हनुवटीच्या माणसानं दाखवली होती. तो माणूस म्हणे समुद्राकाठी आडवा पडून काम करायचा. मलकापुरात समुद्र नाही, एवढी एकच अडचण कृष्णातला दिसली. तीस दिवसांचा कोर्स करून त्यानं संगणक घेतला.

त्याची बायको संयोगिता शहाणी बाई. तिनं आदळआपट केली नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या शेवटच्या तारखेभोवती लाल पेनानं एक गोल तेवढा काढला.

"तवर एक गिऱ्हाईक आणा," ती म्हणाली. "एकच. पण खरं. न्हाईतर एक तारखेला बंदूक."

"खरं म्हंजी कसं?"

"तुमी सैन्यातलं म्हणून न्हाई, माझ्याकडं बघून न्हाई. कामाकडं बघून पैसं देणारं."

कृष्णातनं एका परदेशी साइटवर आपलं दुकान मांडलं. फोटो गणवेशातला लावला आणि खाली 'चोवीस तासांत काम' असं लिहिलं. पंधरा दिवसांत तिघं आले. पहिल्यानं फुकट करणार का, असं विचारलं. दुसऱ्याला स्वतःचाच कोर्स विकायचा होता. तिसरा कृष्णातसारखाच नवखा निघाला. त्याला कृष्णात गिऱ्हाईक वाटला, कृष्णातला तो. तीन दिवस दोघं एकमेकांना अतिशय नम्रपणे दर विचारत होते.

मग दादासो आला. दादासो संयोगिताचा आतेभाऊ. कडेगावच्या अलीकडं राहायचा, ऊस लावायचा आणि शर्यतीचा बैल पाळायचा. बैलाचं नाव सुभेदार. गेल्या हंगामात सुभेदार अकरा मैदानं धावला आणि अकराही ठिकाणी चौथा आला. एवढं सातत्य त्या भागात दुसऱ्या कुणाच्या बैलात नव्हतं.

"दाजी, तुमच्यात ते एआय का काय हाय म्हणं," दादासो म्हणाला.

"हाय."

"मग सुभेदाराचा एक व्हिडिओ करा. पंधराशे देतो. महिनाअखेरीला आमच्या माळावर मैदान हाय. त्याच्या आदी समद्यांच्या मोबाईलवर फिरला पायजे."

कृष्णातनं कॅलेंडरकडं बघितलं. संयोगितानं चहाचा कप ठेवता ठेवता निकाल देऊन टाकला. "दादा माझ्या म्हायेरचा. त्यो मोजायचा न्हाई. पर त्याचा बघून दुसरं कुणी आलं, तर मोजीन."

दुसऱ्या दिवशी कृष्णात संयोगिताला घेऊन सुभेदाराचे जवळून फोटो काढायला दादासोच्या गोठ्यात गेला. गावोगावी फौजेतून आलेल्या माणसाला मेजरच म्हणतात, तसं त्यालाही म्हणत. पण खरा हुद्दा त्याचा त्याला माहीत होता. बैलाच्या पाठीवर ठेवलेला हात त्यानं नाव आठवल्यावर हळूच काढून घेतला आणि जरा ताठ उभा राहिला. बैल दोन हुद्दे वर होता.

शर्यतीचं चित्रण दादासोनंच केलेलं होतं, तेही छकड्याच्या बाजूनं स्वतः पळत. चाळीस सेकंदांपैकी पहिली दहा दादासोच्या अंगठ्याची होती. पुढची पंचवीस धुळीची. राहिलेल्या पाचांत बैल होता.

"पयला आलाय असं दावता येतंय का?" दादासोनं विचारलं.

"निकाल बदलायचा न्हाई. धूळ काढून देतो."

"धूळ काढल्यावर चौथा आलेला दिसंल की."

कृष्णातनं विचार केला. "मग शेवटाच्या जरा अलीकडं कापतो."

एवढं ठरल्यावर दादासोनं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. खरं काम त्या कागदावर होतं. शुभेच्छुकांची एक्केचाळीस नावं, प्रत्येकापुढं आकडा आणि प्रत्येक आकडा तीनदा खोडलेला. चुलता वर, पण सरपंचाच्या खाली. सरपंच वर, पण मैदानाच्या कमिटीचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या खाली.

"यातलं एक नाव जरी हिकडचं तिकडं झालं," दादासो म्हणाला, "तर मला गाव सोडून तुमच्याकडं ऱ्हायला यावं लागंल."

"वरची खोली मोकळीच हाय," संयोगिता म्हणाली, "पर बैल कुठं बांधणार?"

कृष्णात कामाला बसला. संगणकाला त्यानं लिहून सांगितलं: धूळ काढून टाक, बैलाचे पाय ठळक दिसू देत. संगणकानं ऐकलं. धूळ गेली, माळ आरशासारखा लख्ख झाला, सुभेदाराच्या अंगावर तेल चोपडल्यासारखी झळाळी आली. मग सैन्यात सामानाची तपासणी होते तशी नावांची तपासणी झाली. संयोगितानं कागद वाचायचा, कृष्णातनं पडद्यावर बोट ठेवायचं. शिंगांच्या वरून सरकणारी नावं तीनदा मोजली. एक्केचाळीस भरली. अंबूबाईंच्या नावाआधी 'श्रीमती' आहे का, तेही बघितलं. शिंगांच्या खाली मात्र दोघांपैकी कुणाचीही नजर गेली नाही.

दादासोनं व्हिडिओ अकरा वेळा बघितला. चुलता सरपंचाच्या खालीच आहे, याची त्यानं अकराही वेळा खात्री केली. मग तो गावात सोडला. प्रत्येकानं आपलं नाव येईपर्यंत बघितला, तिथं थांबवला, घरच्यांना दाखवला आणि पुढं पाठवला. दोन दिवसांत चार हजार जणांनी बघितला आणि कुणाचीही तक्रार आली नाही.

तक्रार आली ती बाळासोची. बाळासोचाही शर्यतीचा बैल होता आणि जिथं सुभेदार चौथा यायचा तिथं तो हटकून तिसरा यायचा. दादासोचं आणि त्याचं बोलणं वर्षभर बंद होतं, कारण गेल्या मैदानाच्या फलकावर दादासोनं त्याचं नाव वाजंत्रीवाल्याच्या खाली घातलं होतं. यंदा तर घातलंच नाही. व्हिडिओ बाळासोनं पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा बघितला. आपलं नाव नाही म्हटल्यावर त्याला बैलांकडं बघण्यावाचून दुसरा उद्योग उरला नाही. त्यानं व्हिडिओ थांबवला आणि बोट लावून मोजलं. छकड्याला बैल दोन होते. पाय नऊ होते. त्यातले पाच सुभेदाराचे.

बाळासोनं कमिटीकडं लेखी हरकत दिली. चार पायांच्या बैलांच्या मैदानात पाच पायांचा बैल उतरवणं हा बाकीच्या मालकांवर अन्याय आहे, असं तिच्यात म्हटलं होतं.

लालासाहेबांनी मैदानाची नियमावली काढली. चाबूक चालणार नाही, शेपूट पिरगाळायची नाही, इंजेक्शन द्यायचं नाही, बावीस कलमं होती. पायांचा आकडा त्यांत कुठंच नव्हता. तेव्हा झेंडापंच ऋषिराजला बरोबर घेऊन ते दादासोच्या गोठ्यात गेले. एकानं पुढून मोजलं, एकानं मागून. दोन्हीकडून चारच भरले.

"हुभा असताना चारच असणार की," बाळासो म्हणाला. "पाचवा त्यो पळताना काढतोय."

हे ऐकून लालासाहेबांनी नियमावली पुन्हा उघडली. बाळासोचं म्हणणं पटायला अवघड होतं, पण खोडून काढणंही सोपं नव्हतं. मैदानाच्या दिवशी सकाळी सुभेदाराला एकदा पळवून बघायचं ठरलं.

तोवर माळावरची हवा पार बदलली. बायाबापड्या नारळ घेऊन यायला लागल्या. अंबूबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि पाचवा पाय साधारण कुठं येतो, असं त्यांनी विचारलं. दादासोनं मोघमच हात केला. तिथं दुसऱ्या कुणी हात लावला असता तर सुभेदारानं लाथ घातली असती, पण अंबूबाईंना त्यानं काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी आटपाडीकडचा एक गडी आला आणि त्यानं बैल पाच लाखाला मागितला. पायामागं लाख. प्रत्यक्षात चारच दिसल्यावर तो म्हणाला, पळेस्तोवर थांबतो.

दादासो मलकापूरला आला तो दबक्या पावलांनी. "दाजी, लोक तुमाला इचारतील. चार दिस काय बोलू नगा."

"आरं, पण त्यो पाय आलाय कुठनं?" असं म्हणून कृष्णातनं व्हिडिओ लावला आणि पहिल्यांदाच शिंगांच्या खाली बघितलं. बघून झाल्यावर त्यानं संगणक बंद केला.

संयोगितानंही बघितला होता. "मस्त घातलाय," ती म्हणाली. "हालतोय पण."

आता कृष्णातपुढं पेच पडला. गप्प बसावं तर आटपाडीचा माणूस नसलेल्या पायाचे पैसे मोजून जाणार. सांगावं तर पहिल्याच कामात पाय वाढवणारा माणूस म्हणून सगळ्या भागात नाव होणार आणि त्याच्याकडं पुन्हा कोण फिरकणार? मैदान ज्या दिवशी होतं, कॅलेंडरवर लाल गोलही त्याच तारखेला होता. मेव्हण्यानं तर बँकेच्या गणवेशाचं माप पण विचारून ठेवलं होतं.

सैन्यात कृष्णात एक गोष्ट शिकला होता. चूक झाली की ताठ उभं राहायचं, माझी म्हणायचं आणि पुढच्या शिक्षेची वाट बघायची. मैदानाच्या सकाळी तो संयोगिताला घेऊन माळावर गेला. कमिटीसमोर उभा राहिला.

"पाय माझा हाय," तो म्हणाला.

चारपाचशे माणसांनी त्याच्या पायांकडं बघितलं.

"पाचवा म्हणतोय मी. संगणकानं घातलाय. धूळ काढ म्हणालो, तर धुळीच्या आत काय आसंल ते त्यानं अंदाजानं भरलं. मी मोजलं न्हाई. चूक माझी."

लालासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "मेजर, संगणकाला इंग्रजी येतं?"

"येतं."

"हिशेब येतो?"

"लय चांगला येतो."

"अन् बैलाला पाय किती, हे येत न्हाई?"

"न्हाई येत."

"हे काय पटत न्हाई," लालासाहेब म्हणाले. कमिटीनं विचार केला. एवढा शिकलेला संगणक बैलाचे पाय चुकतो, यापेक्षा बैल पळताना एक पाय जास्तीचा काढतो, हे त्यांना पुष्कळ सोपं वाटलं. सुभेदाराला पळवायचंच ठरलं.

पाय खालून नीट दिसतात म्हणून लालासाहेब मैदानाच्या कडेला पोटावर झोपले. अध्यक्ष झोपले म्हणून ऋषिराज झोपला. हरकत आपली म्हणून बाळासो झोपला. मग दोन्ही बाजूंना सगळं पब्लिक आडवं झालं. भेळवाला गाड्याची चाकं दगडानं अडवून झोपला. उभा राहिला फक्त कृष्णात, कारण त्याला शिक्षा अजून सांगितलेली नव्हती.

छकडा सुटला आणि धुळीचा लोट उठवून निघून गेला. पाचशे माणसं शर्ट झाडत उठली.

"चार," लालासाहेब म्हणाले.

"आठ," ऋषिराज म्हणाला. त्यानं दोन्ही बैल मोजले होते, तेव्हा त्याचंही बरोबर धरलं.

बाळासोच्या दोन्ही डोळ्यांत माती गेली होती. हरकत फेटाळली गेली. आटपाडीचा माणूस कुणाशी न बोलता गाडीत बसला. दुपारी सुभेदार नियमाप्रमाणं चार पायांवर धावला आणि चौथा आला.

"दाजी," दादासो म्हणाला, "पाच लाख घालवलंत."

"एक पाय कमी होता रं," कृष्णात म्हणाला आणि मोटारसायकलकडं निघाला. संयोगिता मागं बसली. घरी जाऊन मेव्हण्याला गणवेशाचं माप कळवायचं, एवढंच आता राहिलं होतं.

तेवढ्यात बाळासो उपरण्यानं डोळे पुसत आडवा आला. कृष्णातनं गाडी बंद केली आणि शिव्या खायला ताठ उभा राहिला.

"मेजर, नावं किती बसत्यात?"

"कशात?"

"त्या व्हिडिओत. दादासोची एक्केचाळीस हायती, मोजल्यात मी. साठ बसतील?"

"बसतील. पण पाय..."

"पायाचं काय घेऊन बसलाय? पाय कोण बघतंय?"

"तुमी बघितलं की."

"माझं नाव नव्हतं म्हणून बघितलं," बाळासो म्हणाला. त्यानं पाचशेच्या चार नोटा काढून कृष्णातच्या हातात दिल्या. "साठ घाला. अन् साठावं नाव दादासोचं घाला."

"तुमचं तर बोलणं बंद हाय."

"ऱ्हाऊ दे की बंद. पर त्याचं नाव न्हाई घातलं, तर त्यो पाय मोजत बसंल."

कृष्णातनं नोटा मागं संयोगिताकडं दिल्या. तिनं त्या उजेडात धरून बघितल्या, मग बाळासोला नीट बघून घेतलं. हा माणूस सैन्यातला नव्हता, माहेरचा नव्हता आणि तिच्या आतेभावाचं तोंडही बघत नव्हता. यापेक्षा खरं गिऱ्हाईक तिला शोधूनही सापडलं नसतं.

घरी पोचायला दिवस मावळतीला आला. तिनं पायातल्या चपला काढायच्या आधी भावाला फोन लावला.

"आरं, ह्यांच्या गणवेशाचं कापड फाडू नगंस," ती म्हणाली. "यायचं न्हाईत हे. हितं पाय मोजायलाच माणूस कमी पडतोय."