मागे ओतलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनं गाणं आहे, बोस्नियातल्या बिस्त्रित्सा नदीचं. आणि खरं सांगायचं तर सध्या माझा जीव टांगणीला लागला आहे.

आमच्याकडे कुणी दूरच्या प्रवासाला निघालं की त्याच्या मागे तांब्याभर पाणी ओततात. म्हणजे माणूस परत येतो. झ्लातान कामासाठी जर्मनीला निघाला, तेव्हा त्याची धाकटी बहीण हायरा हिने नदीचं पाणी आणून त्याच्या मागे ओतलं. त्या ओल्या वाटेवरच मी त्याला सुचलं. तिकडे त्याने गिटार-ड्रमवाले मित्र जमवले, माझी कॅसेट निघाली आणि काय सांगू! लग्नात, बसमध्ये, न्हाव्याच्या दुकानात, जिथे तिथे मीच.

मग युद्ध आलं. तळघरात बसलेल्या बायका मला ओठांतल्या ओठांत गुणगुणत. आवाज बाहेर जाईल याची त्यांना धास्ती असे. युद्ध संपलं, कॅसेटचे दिवसही संपले. झ्लातान काही परतला नाही. पुढच्या उन्हाळ्यात नक्की येतो, असं तो दर वर्षी फोनवर सांगतो.

आता बिस्त्रित्साला मोठ्या नळात कोंडून वीज काढणार आहेत. म्हणून गावच्या बायका पुलावर खुर्च्या टाकून, कॉफीची भांडी घेऊन बसल्या आहेत. काल खोदाईचं यंत्र आलं. हायराने मला सुरू केलं आणि सगळ्याजणींनी सूर धरला. यंत्र चालवणारा सानेल शेजारच्याच गावचा. तो ओशाळला आणि यंत्र वळवून निघाला. तेवढ्यात म्हाताऱ्या राझियाने जन्माच्या सवयीने तांब्या उचलला आणि त्याच्या मागे पाणी ओतलं.

सगळ्यांचे चेहरे उतरले.

"अगं बाई, काय केलंस हे?" हायरा म्हणाली. "आता तो यंत्र घेऊन परत येणार."

"पोर आपलंच ना गं," राझिया पुटपुटली. "तसंच कसं जाऊ द्यायचं?"

तेव्हापासून डोंगराखाली कुठे घरघर झाली की मला कापरं भरतं. नदीच नळात गेली, तर माझ्यातलं पाणी कुणाला खरं वाटेल? मित्रांनो, तुमच्या नदीचं गाणं तुम्हाला पाठ असेल, तर एकदा नदीकडेही जाऊन या. ती आहे तोवर तिला जपा.

आज सकाळी पुलावरूनच हायराने झ्लातानला फोन लावला. तो पुन्हा उन्हाळ्याचं बोलू लागला, तसं तिने त्याला थांबवलं.

"दादा, पाणी मी तुझ्याही मागे ओतलं होतं," ती म्हणाली. "त्या यंत्राच्या आधी ये."