एक हात अंतर

फूटपट्टीने सायकलच्या सीटवर बूड टेकवलं, हँडल धरलं आणि शेजारच्या सायकलवरच्या ड्रायव्हरला डोळा मारला. डेपोच्या मागच्या लांब भिंतीलगत आठ सायकली लोखंडी स्टँडवर घट्ट अडकवून ठेवल्या होत्या. आठही सायकलींवर बस चालवणारे बसले होते, गणवेशातच, सुटलेली पोटं सावरत. कित्येकांनी शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला पोरकटपणाला ऊत आला होता. कुणी घंटी वाजवत होतं, कुणी शर्यत लावू म्हणत होतं.

प्रशिक्षण देणाऱ्या बाई शांतपणे उभ्या होत्या. सायकलस्वाराशेजारून जाताना किती अंतर सोडता, असं त्यांनी सकाळी वर्गात विचारलं होतं. बाकीच्यांनी ‘पुरेसं’, ‘जमेल तेवढं’ अशी गुळमुळीत उत्तरं दिली. फूटपट्टी मात्र उभा राहिला आणि म्हणाला, एक हात, हवं तर मोजून घ्या.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फूटपट्टी हे नाव त्याला डेपोत उगीच पडलेलं नव्हतं. दोन ट्रकांच्या मधून तो बस अशी काढायचा की दोन्हीकडच्यांनी श्वास रोखून धरावा. सव्वीस वर्षांत बसला ओरखडा नाही आणि कुणाच्या केसालाही धक्का नाही. बाईंची खात्री पटावी म्हणून त्याने घरचीच साक्ष काढली. नदीवरच्या अरुंद पुलावरून त्याची बायको रोज सायकलने इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला जाते. सात वीसला त्याची बस मागून आली की तो लाडाने दोनदा हॉर्न वाजवतो; ती खाली उतरते, कठड्याशी उभी राहते आणि हसते. अकरा वर्षं हे चालू आहे. डेपोत सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि त्यावरून त्याची चेष्टाही व्हायची. ती चेष्टा त्याला मनापासून आवडायची. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायको रस्त्यात थांबून हसते, असे नवरे डेपोत आणखी किती होते?

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी खडू घेतला, सायकलींच्या हँडलांपासून एक हात मोजला आणि जमिनीवर लांबलचक रेघ ओढली.

“तुमचंच अंतर,” त्या म्हणाल्या. “बस जाईपर्यंत पेडल मारत राहायचं. मागे बघायचं नाही.”

बसही त्याचीच होती. चालवायला बाईंचा ड्रायव्हर बसला होता.

आधी आवाज आला नाही. आधी पेडलमधून तळपायांना काहीतरी जाणवलं. मग आवाज आला, आणि भिंतीने तो परत फेकल्यामुळे तो कुठल्या बाजूने येतोय तेच कळेना. फूटपट्टीला हा आवाज पाठ होता, पण तो आतून. बाहेरून तो असा असतो याची त्याला कल्पनाच नव्हती. मग उजेड गेला. छातीएवढं चाक, त्याचे मुठीएवढे बोल्ट, पत्रा, पत्रा आणि पुन्हा पत्रा. वाऱ्याने आधी त्याला भिंतीकडे ढकललं आणि लगेच उलटं, चाकाकडे ओढलं. या ओढण्याबद्दल त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. बस संपतच नव्हती. जिच्या पोटात बसून त्याने उभं आयुष्य काढलं ती एवढी प्रचंड आहे, हे त्याला आज कळत होतं, आणि तो नुसता थक्क झाला होता.

बस गेली. धूळ खाली बसली. आवारात आता कुणी घंटी वाजवली नाही.

रांगेच्या टोकाला उभं राहून बाईंनी मोबाइलवर फोटो काढले होते. त्यांनी एकेकाला आपापला दाखवला. फूटपट्टीच्या फोटोत त्याचा एक पाय जमिनीवर होता, खांदा भिंतीला घासत होता आणि सगळे दात दिसत होते. पाय कधी खाली टेकवला ते त्याला आठवेना. शेजारच्याने मान लांब करून पाहिलं.

“अरे, हा बघ हसतोय.”

“हसत नाहीयेत ते,” बाई म्हणाल्या. “घाबरल्यावर तोंड असंच होतं. तुमच्यातल्या पाचजणांचं झालंय.”

फूटपट्टीने मोबाइल लवकर परत दिला नाही. हा फोटो त्याने आधी पाहिलेला होता. रोज सकाळी सात वीसला पाहिलेला होता. फक्त भिंतीच्या जागी कठडा हवा होता.

दुपारी बाईंनी रेघ दीड मीटरवर ओढली आणि पुन्हा बस नेली. सगळ्यांना फरक कळला, त्यावर बोलणंही झालं.

संध्याकाळी घरी बायको वाळलेले कपडे घड्या घालून ठेवत होती. तो समोर बसला आणि चादरीची दुसरी दोन टोकं धरली. तिने जरा चमकून पाहिलं, कारण हे काम त्याने कधी केलेलं नव्हतं. दोन चादरी झाल्यावर त्याने विचारलं,

“पुलावर तू उतरतेस ना सायकलवरून, ते का गं?”

“का म्हणजे? तुमची बस येते म्हणून.”

“भीती वाटते?”

“आता काय वाटायचंय. सुरुवातीला हात फार कापायचे, कामावर गेले तरी तासभर थांबायचे नाहीत.” तिने चादरीवरची सुरकुती हाताने सपाट केली. “आणि तुमचं बरं असतं. तुम्ही आधी हॉर्न देता, त्यामुळे मला उतरायला सापडतं. बाकीचे तेवढंही करत नाहीत.”

त्याच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. तो हॉर्न लाडाचा होता, हे त्याने तिला सांगितलं नाही.

“सांगितलं नाहीस कधी,” तो म्हणाला.

“तुम्ही एवढे खुशीत असायचात,” ती म्हणाली, आणि खाली पडलेलं टोक उचलून तिने पुन्हा त्याच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी सात वीसला तो पुलावर आला तेव्हा ती पुढेच होती. त्याने हॉर्नला हात लावला नाही. वेग इतका उतरवला की कंडक्टर मागून आला आणि गाडीला काही झालंय का, म्हणून विचारू लागला. काही नाही झालं, तो म्हणाला.

इंजिन ओळखून ती सवयीने उतरली, कठड्याला टेकली. बस दहा पावलं मागे थांबली. तिने वळून पाहिलं. काचेमागून त्याने हात हलवला, चल म्हणून. ती तशीच उभी राहिली. त्याने पुन्हा हात हलवला. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, बसमध्ये कुणीतरी ड्रायव्हर झोपला की काय म्हणालं. मग ती सायकलवर बसली आणि निघाली, आणि तो तिच्या मागून, तिच्या वेगाने.

वरच्या सीटवरून हा पूल त्याला नेहमी सपाट दिसायचा. आज तो तिच्या मागच्या चाकाकडे बघत होता. पुलाच्या सांध्यातल्या लोखंडी पट्टीवर चाक अडकू नये म्हणून ती ते तिरपं नेत होती. कडेच्या वाळूत पेडल थांबवत होती. पाणी वाहून जायची तुटलेली जाळी लांबूनच ओळखून जेमतेम वीतभर बाजूला होत होती, कारण तिच्या वाट्याला वीतच होती. डबा कॅरियरवर हलतही नव्हता. कुठल्याही पट्टीने मोजता आलं नसतं असं काहीतरी ही बाई रोज करत होती, अकरा वर्षं, आणि सुरुवातीला तर वर तासभर कापणारे हात घेऊन लोकांच्या चादरी धूत होती. त्याला वाटलं, आपल्याला गाडी चालवता येते असं आपण आता कुठल्या तोंडाने म्हणायचं.

पूल संपला. इस्पितळाच्या रस्त्याला वळताना तिचा चेहरा क्षणभर त्याच्याकडे झाला. तोंड मिटलेलं, मान सरळ. एवढ्या वर्षांत त्याची बस मागे असताना प्रथमच ती हसत नव्हती.

मग उघड्या खिडकीतून त्याला सायकलची घंटी ऐकू आली. दोनदा.