साडेतीन तास पुढे

घड्याळजींच्या घरात चुकीची वेळ दाखवणारी वस्तू चाळीस वर्षांत टिकली नव्हती. एक तर ती दुरुस्त व्हायची, नाहीतर भंगारात जायची. टेबलावरचा कॉम्प्युटर मात्र महिनाभर त्यांच्या नाकावर टिच्चून साडेतीन तास पुढे चालत होता.

परदेशी राहणारा भाचा चार दिवसांसाठी आला, मामांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम टाकून गेला, आणि तेव्हापासून हे दुखणं जडलं. घड्याळजी रोज हाताने वेळ मागे घ्यायचे. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं की ती परत साडेतीन तास पुढे. त्यांनी निदान केलं तेही धंद्याला शोभेल असंच: सेल गेलाय! डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने आतला बटणाएवढा सेल काढला, नवा घातला, आणि मोठ्या तोऱ्यात झाकण बसवलं. वेळ होती तिथेच.

एरवी त्यांनी हात टेकले असते. पण त्यांची लेक समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर होती. महिन्यातून एकदा, तेही तिकडून कॉल आला तरच, दहा मिनिटं बोलता यायचं. गेल्या खेपेला तिने आधी पाठवलेली कॉलची वेळ या मशीनवर साडेचार दिसत होती. दुकान लवकर बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून घड्याळजी चारपासूनच बसले होते. कॉल आलाच नाही. दोन दिवसांनी तिचा निरोप आला, ‘दहाही मिनिटं रिंग देत होते, बाबा. कुठे होतात?’ पुढे लिहिलं होतं की पुढच्या कॉलनंतर जहाज बर्फात शिरणार, मग चार महिने काही नाही.

नक्की किती वाजता, असं तिला विचारता आलं असतं. पण घड्याळजींनी कुणाला वेळ विचारायची? ते काही त्यांच्या जिभेवर येईना.

तो पुढचा कॉल आज होता. कॉलची वेळ मशीन पुन्हा साडेचारच दाखवत होतं, आणि भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होत आले होते. घड्याळजींनी आज वेळ मागे घेतली नाही. खिशातलं घड्याळ काढून पडद्याशेजारी धरलं आणि नुसते बघत राहिले. मिनिट बदललं. दोन्हीकडे, एकाच ठोक्याला.

“अगं, जरा इकडे ये,” त्यांनी बायकोला हाक मारली. ती टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, परदेशी ट्रंक कॉल जोडणारी ऑपरेटर. “बिघडलेलं घड्याळ असं चुकत नाही. ते आज दोन मिनिटं चुकतं, उद्या चार. हे साडेतीन तासांवर सेकंदाचाही फरक पडू देत नाहीये.”

“मग?”

“हे चुकतच नाहीये. हे कुठलं तरी बरोबर आहे.”

ऑपरेटरबाई आधी हसल्या आणि मग हसू आवरेना म्हणून खुर्चीत बसल्या. “अहो, आमच्या एक्स्चेंजच्या भिंतीवर पाच देशांची पाच घड्याळं होती. तुम्ही पहिल्यांदा तेल घालायला आलात आणि जाताना पाचही एक करून गेलात! अर्धा दिवस मी लोकांना भलत्या वेळी झोपेतून उठवत होते.”

“त्या चुकीपायी मला तुझी माफी मागायला यावं लागलं होतं.”

“आणि माफी मागून झाल्यावरही येत राहिलात. बरं, सरका.”

तिने सेटिंग उघडलं. वेळेच्या खाली, घड्याळजींनी कधी वाचायची तसदी घेतली नव्हती अशी ओळ होती: टाइम झोन. पुढे भाच्याच्या शहराचं नाव. सवयीने त्याने आपलाच पत्ता टाकला होता! महिनाभर घड्याळजी भाच्याच्या घरातली बरोबर वेळ मोडून काढत होते.

तिने यादीतून आपलं शहर निवडलं. तास-मिनिटं झरकन बदलली. आणि कॉलची वेळ, जिला कुणी हात लावला नव्हता, साडेचारवरून सरकून एक झाली. सेकंद मात्र अडखळले नाहीत. चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस.

घड्याळजींच्या अंगावर काटा आला. “म्हणजे आत वेळ एकच आहे,” ते हळूच म्हणाले. “सगळ्या जगाची. आपण फक्त काटे वेगवेगळे लावतो.” चाळीस वर्षं ज्या वस्तूत डोकं घातलं, ती आज पहिल्यांदाच पाहतोय असं त्यांना वाटलं. मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसे ते त्या फडतूस मशीनसमोर उभे राहिले.

“बारा एकोणसाठ झालेत,” बायको म्हणाली. “शर्ट राहू दे. बसा.”

बरोबर एकला रिंग वाजली. पडद्यावर लेक आली, ओठ फुटलेले, जाड टोपीत. तिच्या मागे जहाजाच्या भिंतीवर एक गोल घड्याळ होतं. त्यात साडेसात वाजले होते. घड्याळजींनी आपलं घड्याळ तळहातावर घेतलं आणि दोन्ही सेकंदकाट्यांकडे पाहत राहिले. दहा मिनिटांतलं एक मिनिट असंच गेलं.

“बाबा? बोला ना. आवाज येतोय का? तिकडे किती वाजले?”

घड्याळजींचे डोळे भरून आले होते, त्यामुळे तास त्यांना नीट दिसत नव्हता. तिचं चित्र सगळा समुद्र ओलांडून येत होतं, म्हणून तिच्या मागचा सेकंदकाटा त्यांच्या काट्यानंतर एका ठोक्याने हलत होता.

“तुझ्यामाझ्यात फार नाही गं,” ते म्हणाले. “एकच ठोका मागे आहेस.”