आधी घोडीचे गुडघे

घोडी अंगणात आली ती पुढचे दोन्ही गुडघे सोलवटून. रक्तावर माती चिकटलेली, मान खाली. मागून माझा धाकटा दीर शीळ घालत आला आणि म्हणाला, उतारावर घोडी आपली आपण बसली. मी हातातली बादली अशी आदळली की कोंबड्या कुंपणापलीकडे पळाल्या.

आपली आपण बसली म्हणे! वळणावळणाची वाट सोडून त्यानं तिला निसरड्या उतारावरून सरळ खाली घातली होती. खोगीर पुढं सरकू नये म्हणून शेपटीखालून एक पट्टा घेतात, दुमची म्हणतात तिला. ती यानं तबेल्यातच खुंटीला ठेवली, म्हाताऱ्यांची थेरं म्हणून. मग काय, खोगीर सरकलं मानेवर, हा सरकला खोगिराबरोबर, आणि घाबरून लगाम आवळून धरला. मान सुटी नसली तर जनावरानं तोल कशानं सांभाळायचा? पण नाचता येईना, अंगण वाकडं.

झाडावरून पडून नवऱ्याचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ही घोडीच त्यांचे पाय. तिच्यावर बसून ते डोंगरावरच्या बागेत जातात, कलमं बांधतात, माणसात राहतात. घोडी गेली की ते उंबऱ्यात बसून भिंत बघणार. हे घरात सगळ्यांना ठाऊक. तरी सासूबाईंचं आपलं धाकट्याचं कौतुक.

"म्हातारं जनावर ते, आज ना उद्या पडणारच. काढून टाका," त्या म्हणाल्या, आणि जनावरांच्या दलालाला निरोपही धाडला. नवरा मान खाली घालून काठीनं जमीन उकरत राहिले. त्या दिवशी मला त्यांचाही राग आला.

घोडीच्या गुडघ्यांवर खपली धरली, गळूनही गेली, आणि नेमक्या दलाल यायच्या दिवशी सासूबाई वरच्या बागेत घसरल्या. पाय मुरगळला, टम्म सुजला, टेकवता येईना. धाकट्यानं मोठ्या ऐटीत आईला पाठीवर घेतलं आणि बांधाच्या दगडांच्या पहिल्या रांगेशीच धापा टाकत खाली ठेवलं. घोडीला वर नेणं माझ्या जिवावर आलं होतं, पण दुसरा इलाज नव्हता. सासूबाईंचं वजन ते किती, मूठभर.

दुमची मी स्वतः बांधली, पोटाखालून आवळायचा तंग दोनदा तपासला. सासूबाईंना सांगितलं की पुढं वाकायचं नाही, ताठ बसायचं, टाचा खाली, आणि लगामाला हात लावायचा नाही. मी घोडीच्या मानेशी चालले, धाकटा मागून. तोंड मिटूनच चालले. उघडलं असतं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, आणि त्यातली एक पिढी खोगिरावर बसली होती.

प्रत्येक वळणावर घोडी थांबायची. दम घ्यायची, खुरानं माती चाचपायची, मग पाऊल टाकायची. नवऱ्यानंच लावलेली सवय ती. तिसऱ्या वळणाशी धाकट्याचा धीर सुटला. अशानं अंधार होईल म्हणत त्यानं काठी उगारली. मी वळलेच होते, पण वरून सासूबाईंचा आवाज आला.

"हात खाली घे. ती जपून पाय टाकते म्हणून मी अजून वर बसले आहे."

धाकट्यानं काठी टाकली.

अंगणात दलाल खाटेवर बसला होता. उठून त्यानं घोडीचे दात बघायला हात पुढं केला आणि विचारलं, जनावराचं वय किती. सासूबाई अजून खोगिरावरच होत्या.

"माझ्याएवढं," त्या म्हणाल्या. "आधी मला ने. मी खपले तर मग हिचं बघू."

दलाल हसत हसत निघून गेला. नवरा काठी टेकत आले आणि घोडीच्या मानेला नुसतं कपाळ लावून उभे राहिले. माझा राग काही उतरला नव्हता. स्वतःचा पाय सुजल्याशिवाय दुसऱ्याचा गुडघा दिसू नये, हे कसलं शहाणपण?

मी चुलीवर पाणी तापवलं आणि फडकं बुडवून घोडीचे गुडघे शेकले, एक एक करून, सावकाश. सासूबाई ओट्यावर सुजलेला पाय पुढं करून वाट बघत बसल्या. उरलेलं पाणी त्यांना मिळालं.